शू दोन, शी एक

लेक जन्मली त्याच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याने एक शंभर पानी वही आणली आणि खिडकीच्या कट्ट्यावर बसून पट्टीने रकाने आखले. वेळ, डावी, उजवी, मिनिटं, शू, शी, शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यात रुंद. पुढे तोच सगळ्यात रिकामा राहिला, कारण रात्री पावणेतीनला शेरा मारण्याइतकी बुद्धी कोणाकडे शिल्लक असते?

वही अजून आहे माझ्याकडे. पहिल्या पानावरचं अक्षर माझंच आहे, पण बहुतेक झोपेत लिहिलेलं. '४:१० डा १८ उ ११'. '५:५५ उ २५, झोपली'. '७:०० डा २०, झोपली'. एका ओळीवर पिवळट डाग आहे, वाळून कडक झालेला. तिथे चिकाचा थेंब सांडला असणार. 'झोपली' हा शब्द त्या एका पानावर सात वेळा आलाय. पोट भरलं की बाळं झोपतात, एवढंच तेव्हा माझं बालसंगोपनाचं ज्ञान होतं.

बाटलीला आकडे असतात. साठपर्यंत भरली, पंधरा उरलं, म्हणजे पंचेचाळीस पोटात. छातीला आकडे नसतात. बाळ लुचतंय, तोंड हलतंय, पण आत नक्की किती जातंय, मुळात जातंय का, हे दिसायची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. म्हणजे जमेची बाजू कायम कोरी. खर्चाची बाजू मात्र लख्ख समोर असते: ओली, चिकट, दिवसातून अनेकदा पुढ्यात येणारी. जमेच्या पावत्या हरवल्या असतील तर खर्चावरून मागे मागे जायचं, हे कुठल्याही मुनिमाला कळलं असतं. मला कळायला पाच दिवस लागले, आणि तेही दुसऱ्याने सांगितल्यावर.

पहिले दोन दिवस तर जमा असते तरी किती! पहिल्या २४ तासांत बाळ एका वेळी जेमतेम २ ते १० मिलीलीटर चीक पितं. सिस्टरांनी माझी छाती दोन बोटांत धरून एक थेंब काढला आणि लेकीच्या ओठाला टेकवला. घट्ट, मधासारखा. आई शेजारीच उभी होती. "एवढ्याने काय होणार गं तिचं?" ती पुटपुटली. सिस्टर म्हणाल्या, "आजी, पोटच तेवढं आहे तिचं." आईने 'आजी' अशी हाक पहिल्यांदाच ऐकली होती, त्यामुळे पुढचा अर्धा तास तिला दुधाची काळजी उरली नाही.

वार पडली की अंगातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि पुढच्या दोन-चार दिवसांत दूध खऱ्या अर्थाने उतरतं. ही पहिली खेप हॉर्मोन आणून देतात. त्यापुढचा कारभार मागणीवर चालतो. छाती जितकी रिकामी होईल तितकी परत भरते. दूध आत साचून राहिलं तर आतूनच निरोप जातो की जरा हळू. हे मी बाळंतपणाआधी वाचलं होतं. पेन्सिलीने खूणही केली होती. त्याचा काही उपयोग झाला नाही.

तिसऱ्या दिवशी घरी सोडताना हातात एक छापील कागद आला. त्यात एक ओळ होती: 'दर दोन तासांनी, प्रत्येक बाजूला १५ मिनिटे.' मी शाळेत कधी गृहपाठ चुकवला नव्हता, हा कसा चुकवणार? फोनला गजर लावले. पंधरा मिनिटं झाली की तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात करंगळी घालायची, सोडवायची, दुसऱ्या बाजूला लावायची. लावताना डोळ्यांतून पाणी यायचं इतकं दुखायचं, पण कागदावर दुखण्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून मीही वहीत लिहिलं नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी बेरीज केली. २४ तासांत ११ वेळा, एकूण ३०५ मिनिटं. तान्ह्या बाळाने दिवसातून ८ ते १२ वेळा प्यावं असं म्हणतात. अकरा! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

त्याच पानावर अगदी खाली, नवऱ्याच्या अक्षरात एक ओळ आहे: 'शू दोन, शी एक. शू लालसर??'

डायपरचं खातं त्याच्याकडे होतं. त्या रात्री तो एक उघडा डायपर तळहातावर घेऊन माझ्याकडे आला, आणि आम्ही दोघं दिव्याखाली वाकून बघत बसलो. पांढऱ्यावर केशरी-गुलाबी डाग. विटेची भुकटी ओली करून बोट टेकवावं तसा. रक्त वाटत नव्हतं. तो म्हणाला, "उद्या वजनाला जायचंच आहे, विचारू." दोन प्रश्नचिन्हं टाकली, डायपर टाकला आणि आम्ही झोपलो. गजर लावून, अर्थातच.

जन्मताना ३,१२० ग्रॅम होती. पाचव्या दिवशी काट्याने २,८३० दाखवले. डॉक्टरांचा चेहरा बदलला नाही, पण त्यांनी खुर्ची पुढे ओढून घेतली. पहिल्या दिवसांत सगळीच बाळं वजन उतरवतात, त्या सांगत होत्या; सात टक्क्यांपर्यंत कोणी दचकत नाही, दहाकडे सरकलं की नीट बघावं लागतं. कळांच्या वेळी आईला सलाईन बरंच लागलं असेल तर बाळाच्या अंगातही थोडं जादा पाणी असू शकतं. मग जन्मवजन फुगलेलं असतं आणि घट आहे त्याहून मोठी दिसते. मला सलाईन लागलं होतं. मी त्या वाक्याला लोंबकळायला बघत होते. "पण," त्या म्हणाल्या, "पाचव्या दिवशी काटा वर वळायला लागलेला हवा."

मी वही पुढे सरकवली. "अकरा वेळा पाजते, डॉक्टर. तीनशे पाच मिनिटं."

त्यांनी माझे रकाने बघितलेसुद्धा नाहीत. बोट सरळ पानाच्या तळाशी गेलं. "हे कोणी लिहिलंय?" नवरा बाईंनी पकडल्यासारखा उभा राहिला. "मी." "छान लिहिलंत. आधी हेच वाचायचं असतं."

मग त्यांनी हिशेब समजावला. पहिल्या दिवशी एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, असं साधारण दिवसागणिक वाढत जाऊन पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा तरी हव्यात, चांगल्या भिजलेल्या. ती विटकरी भुकटी म्हणजे लघवीतले युरेटचे स्फटिक. पहिले दोन-तीन दिवस दिसले तर त्याचं काही नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी दिसले तर बाळाला दूध कमी पडतंय असं समजून बघायचं. शी आधी काळी, डांबरासारखी चिवट, मग हिरवट, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, पातळ, मोहरीच्या दाण्यांसारखे कण असलेली, दिवसातून तीन-चार वेळा तरी. आमची अजून काळ्या-हिरव्यातच अडकली होती. रंग म्हणजे तारीखच असते एका अर्थी. दूध पोटात जात असेल तर जुना काळा माल ढकलला जातो.

सात वेळा लिहिलेल्या 'झोपली'चा अर्थही त्यांनीच सांगितला. तान्ह्यांच्या काविळीतला अंगाचा पिवळेपणा, म्हणजे बिलिरुबिन, बऱ्याच अंशी शीवाटे बाहेर पडतो. दूध कमी तर शी कमी, शी कमी तर पिवळेपणा रेंगाळतो, पिवळेपणा वाढला की बाळ सुस्तावतं, आणि सुस्तावलेलं बाळ छातीला लागल्या लागल्या झोपतं. पोट भरल्यावर झोपलेलं बाळ हात सैल सोडतं, मूठ उघडते. माझी लेक मुठी आवळून झोपत होती. हे मी पाच दिवस सहा इंचांवरून बघत होते.

त्या दिवशी रडले का, असं मला अनेकींनी विचारलंय. नाही. मला राग आला होता. अंगात कळ दाबून तीनशे पाच मिनिटं घालवली होती मी. पण पाऊण तास बँकेच्या रांगेत उभं राहिलं म्हणून हातात पैसे पडतात असं थोडंच आहे? मी रांगेची वेळ लिहीत होते.

डॉक्टरांकडेच एक लॅक्टेशन कौन्सेलर, म्हणजे अंगावर पाजायला शिकवणाऱ्या बाई, बसायच्या. बारीकशा, चष्मा कपाळावर. त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली, मला लावायला सांगितलं आणि काही न बोलता दोन मिनिटं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "सोडवा तिला. आता तुमचं स्तनाग्र बघा." टोक तिरकं चेपलेलं होतं, नव्याकोऱ्या लिपस्टिकसारखं. बाळाने नुसतं टोक धरलं की ते टाळ्याच्या कडक भागावर रगडलं जातं. आईला दुखतं आणि बाळाला मिळत नाही. दोन्ही तक्रारी एकाच चुकीच्या. त्यांनी तिचं पोट माझ्या पोटाला चिकटवलं, नाक स्तनाग्रासमोर आणलं, आणि तिने जांभईएवढा मोठा आ करेपर्यंत थांबवून ठेवलं. ते थांबणं जिवावर येतं. भुकेलं बाळ डोकं हलवत शोधत असतं आणि आपण घाई करून अर्ध्या उघडलेल्या तोंडात कोंबतो. आ पूर्ण झाला तसं त्यांनी तिला पाठीकडून एका झटक्यात जवळ आणलं. हनुवटी छातीत रुतली, खालचा ओठ बाहेर वळला, नाक मोकळं. दुखलं नाही. ओढ लागली, पण दुखलं नाही.

"आता घड्याळ बघू नका. हनुवटी बघा."

सुरुवातीला भराभर, उथळ हालचाल: दूध बोलावणारी. थोड्या वेळाने ती संथ झाली. तोंड उघडतं, हनुवटी खाली जाते, तिथे क्षणभर थांबते, आणि मग मिटते. तो क्षणभराचा थांबा म्हणजे तोंड भरलं. मग घशातून श्वास सोडल्यासारखा हलका 'ख्' असा आवाज. कॅनडातले डॉक्टर जॅक न्यूमन वर्षानुवर्षं आयांना हाच थांबा बघायला शिकवत आलेत. थांबा जितका लांब तितका घोट मोठा. हनुवटी न थांबता नुसती थरथरत राहिली तर बाळ छातीला आहे, पण पीत नाहीये. अशा वेळी छाती हाताने हलकेच दाबून धरायची, की पुन्हा दोन-चार घोट उतरतात. मी मोजलं. त्या पहिल्या बऱ्या बैठकीत सलग आठ घोट, मग विश्रांती, मग पाच. आधीच्या अकरा बैठकांत घोट किती होते, देव जाणे.

डॉक्टरांनी तोवर दुसरी बाजू स्पष्ट करून ठेवली होती. आधी बाळाचं पोट, मग बाकी सगळं. दर पाजण्यानंतर हाताने दूध काढायचं आणि चमच्याने तिला द्यायचं. दोन दिवसांत वजन नाही वळलं तर वरचं दूध, तेही लाज न बाळगता, औषधासारखं मोजून. मला त्या 'लाज न बाळगता'ची फार गरज होती. अंगावरच्या दुधाची महती सांगणारे पुष्कळ भेटतात, वजन उतरलेल्या बाळाच्या आईला हे वाक्य म्हणणारे थोडे. वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला त्यांनी स्वतः लिहिलं: उठवूनही प्यायला उठत नाही, सहा-आठ तास शू नाही, पिवळेपणा पायांपर्यंत उतरला, ताप, तोंड कोरडं, टाळू खोल गेली, तर लगेच यायचं, सकाळची वाट बघायची नाही.

घरी येऊन नवऱ्याने 'मिनिटं' हा रकाना खोडला आणि वर लिहिलं 'घोट'. त्याखाली आकडे नाहीत, 'हो', 'थोडे', 'नुसती चघळतेय' असे शब्द आहेत.

त्याचं स्वतःचं एक संशोधनही त्या रात्री झालं. हल्लीचे डायपर इतके शोषून घेतात की ओला आहे की नाही हेच हाताला कळत नाही. मी पाणी प्यायला उठले तर हा बेसिनपाशी उभा, एका हातात कोरा डायपर, दुसऱ्या हातात चमचा. तीन मोठे चमचे पाणी, म्हणजे साधारण ४५ मिलीलीटर, मोजून ओतलं आणि डायपर तळहातावर घेऊन डोळे मिटून वजन अजमावत होता. डावीकडे पाण्याचा, उजवीकडे लेकीचा. "हा नाही धरायचा," तो गंभीरपणे म्हणाला. "हा अर्धाच आहे." पुढे आठवडाभर प्रत्येक डायपर त्या तराजूतून गेला. जिथे शंका असेल तिथे आत टिश्यूची एक घडी ठेवायची, ती भिजली की नाही ते चटकन कळतं.

सहाव्या दिवशी पहाटे एक गोष्ट घडली. ती डाव्या बाजूला पीत होती आणि मला छातीत चिमचिम झाली, हातपाय मुंग्यांनी भरून यावेत तशी, आणि उजव्या बाजूने आपोआप धार लागली. पान्हा हा शब्द मी गाण्या-गोष्टींत ऐकला होता. तो असा टपटपत चादर भिजवतो हे माहीत नव्हतं. बाळ लुचायला लागलं, कधी नुसतं रडलं, तरी मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि दुधाच्या गाठोड्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात. दुखणं आणि धास्ती त्याला अडवू शकतात. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त चढतं, म्हणून रात्रीचं पाजणं सुरुवातीला टाळू नये म्हणतात. पण मी हे सगळं तेव्हा आठवत नव्हते. मी ऐकत होते. अंधारात, पंख्याच्या आवाजाखाली, 'ख्... ख्... ख्...'. दिवा लावून वहीत वेळ लिहायची राहून गेली. सकाळी पिवळी शी. नवऱ्याने आईला हाक मारून दाखवली. तिघं उभे राहून बघत होतो, जणू काही तिने चित्र काढलंय.

सातव्या दिवशी २,८७०. दोन दिवसांत ४० ग्रॅम. कौन्सेलरबाईंनी तेव्हा आणखी एक गंमत दाखवली. ग्रॅमचा फरक दाखवणाऱ्या काट्यावर पाजण्याआधी वजन, मग पाजून त्याच कपड्यांत, त्याच डायपरमध्ये पुन्हा वजन. फरक ४४ ग्रॅम. जमेची बाजू! पहिल्यांदाच छापील आकड्यांत. मी इतकी हरखले की तासाभराने ती पुन्हा प्यायली तेव्हा परत काट्यावर ठेवायला लावली. १८ ग्रॅम. माझा चेहरा पडला. त्या हसल्या. "तुम्ही सकाळचा नाश्ता आणि चारचा चहा एकाच मापाने मोजता का?"

नंतर मला कळलं की हे काही सांत्वन नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात एक ते सहा महिन्यांच्या, निव्वळ अंगावर पिणाऱ्या ७१ बाळांचं चोवीस तासांतलं प्रत्येक पाजणं असंच वजन करून मोजलं होतं. एका पाजण्यात शून्यापासून २४० ग्रॅमपर्यंत काहीही. कोणी दिवसात सहा वेळा पीत होतं, कोणी अठरा. दिवसाचं एकूण दूध ४७८ ते १,३५६ ग्रॅम, आणि किती वेळा प्यायलं याचा या एकूण आकड्याशी काही संबंध लागला नाही. डावी-उजवीही क्वचितच सारख्या. ही सगळी बाळं आपापल्या परीने बरी वाढत होती. मी अकराच्या आकड्यावर पाठ थोपटून घेतली होती ना?

तान्ह्यांना मोजायची हौस तशी जुनीच. पॅरिसमध्ये पिएर ब्युदँ या प्रसूतितज्ज्ञाने १८९२ मध्ये इस्पितळात तान्ह्या बाळांचा दवाखाना सुरू केला. आयांनी नियमाने यायचं, बाळाला काट्यावर ठेवायचं, वजन लिहून घ्यायचं. अंगावर पाजण्याला त्याचा पाठिंबा होता, काटा हा त्याचा पुरावा. त्यानंतर थोड्याच वर्षांत न्यूझीलंडमध्ये ट्रूबी किंग यांनी घड्याळ आणलं. १९०७ मध्ये त्यांनी सुरू केलेली संस्था आयांना सांगायची की दर चार तासांनी पाजा, रात्री नको. भुकेने रडणाऱ्या बाळाकडे पाठ फिरवून घड्याळाकडे बघत बसलेल्या आयांच्या पिढ्याच्या पिढ्या त्यातून तयार झाल्या. काटा आणि घड्याळ, दोन्ही हिशेबाचीच साधनं. मला विचाराल तर काटा चालेल. घड्याळाने माझे पाच दिवस खाल्ले, त्यामुळे माझं मत निःपक्षपाती नाही.

सोळाव्या दिवशी लेक ३,१३०. जन्माच्या वजनाला दहा ग्रॅमनी मागे टाकलं तिने. बहुतेक बाळं हे दहा ते चौदा दिवसांत करतात, आम्हाला थोडा उशीर झाला, पण दिवसाला २०-३० ग्रॅमचा वेग पकडला होता आणि डॉक्टरांना तोच हवा होता. "आता तिला रात्री मुद्दाम उठवू नका," त्या म्हणाल्या. "आणि वही बंद केली तरी चालेल."

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण मला वही बंद करता येईना.

आजारपणात धरलेली काठी बरं झाल्यावरही सुटत नाही, तसं काहीसं झालं. उलट मी रकाने वाढवले. उचकी, ढेकर, उलटी (चमचाभर / वाटीभर). नवऱ्याने फोनवर एक ॲप घेतलं. ते रंगीत आलेख काढायचं आणि बाळ गाढ झोपलेलं असताना टिंग करून सांगायचं की शेवटच्या पाजण्याला तीन तास झाले. एकदा मी ॲपचं ऐकून तिला उठवलं. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी ते त्याच दिवशी काढून टाकलं. कागदाच्या वहीचा एक गुण आहे: ती टिंग करत नाही.

तिसऱ्या आठवड्यातली एक संध्याकाळ वहीत अशी आहे: '५:१५ डा, ५:५० उ, ६:२० डा, ६:३५ डा, ७:१० उ, ७:४०, ८:०५, ८:३०...' पुढे दहापर्यंत. तुम्ही हे पान त्रयस्थपणे वाचलंत तर म्हणाल, काहीतरी बिनसलंय. आईनेही तेच म्हटलं. "दूध पुरत नाही का गं तिला?" हा प्रश्न मायेने विचारला जातो आणि सुरीसारखा लागतो. मला वाटतं, अंगावरचं दूध सुटण्यामागे आजारपणांइतकाच या प्रश्नाचा हात असावा. मी खोलीत जाऊन पंप लावला. वीस मिनिटांत २० मिलीलीटर. त्या बाटलीकडे बघून जे रडू आलं, ते पाचव्या दिवसाचं साठलेलं होतं बहुतेक. पंप म्हणजे बाळ नव्हे, बाळाइतकं त्याला निघत नाही, आणि चार तास सतत पिऊन झालेल्या छातीतून निघणार तरी काय होतं? पण हे रडताना सुचत नाही. नवरा दारात आला. हातात वही. "शू आठ," तो म्हणाला. "शी चार, पिवळी." आणि परत गेला.

संध्याकाळी असं लागोपाठ पिणं पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळ बाळं करतात. दुपारच्या दोन सलग तासांच्या झोपेइतकंच ते नेहमीचं. वहीत ते भयंकर दिसतं, कारण वही फक्त वेळा लिहून घेते; बाळाचा चेहरा नाही. मी दुसऱ्या दिवसापासून शेऱ्याच्या रिकाम्या रकान्यात चेहरा लिहायला लागले. 'मूठ उघडी.' 'एक डोळा उघडा ठेवून पिते.' 'सोडताना ओठावर थेंब.' ही पानं सगळ्यात सुरेख आहेत, आणि वैद्यकीय दृष्ट्या सगळ्यात निरुपयोगीही नाहीत. रडणं ही भुकेची शेवटची पाटी असते. त्याआधी ती ओठ चाटायची, मान वळवायची, मूठ तोंडाशी न्यायची. शेरे लिहायला लागल्यावर मला या आधीच्या पाट्या वाचता यायला लागल्या.

डॉक्टरांच्या फायलीत वजनाचा आलेख होता, जागतिक आरोग्य संघटनेचा, २००६ चा. त्याआधी वापरात असलेला आलेख बऱ्याच अंशी बाटलीवर वाढलेल्या बाळांच्या मापाने आखलेला, त्यामुळे अंगावर पिणारी धडधाकट बाळं काही महिन्यांनी त्यात मागे पडल्यासारखी दिसत. नव्या आलेखासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली, अंगावर पिणारी मुलं मोजली गेली. आधीचं माप किती आयांना उगाच घाबरवून गेलं असेल, असा विचार त्या रेघांवर बोट फिरवताना येतो. आमचा ठिपका खालून दुसऱ्या रेघेवर होता आणि महिनोन्महिने तिथेच राहिला. डॉक्टर त्यावर खूश होत्या. मी हळूहळू झाले.

वही एका दिवसात बंद झाली नाही, झिरपत गेली. पाचव्या आठवड्यात डावी-उजवी लिहिणं थांबलं. आधी कोणती बाजू झाली हे मनगटावरचा रबर बँड सांगायचा आणि नंतर छातीच सांगायला लागली. मग वेळा गेल्या. सातव्या आठवड्यात तिने चार दिवस शीच केली नाही. मी पळत फोन केला, तर कळलं की सहा आठवड्यांनंतर हा नियमच बदलतो. नुसतं अंगावरचं दूध पिणारं, वजन वाढणारं, हसतंखेळतं बाळ काही दिवस शी न करता राहू शकतं. ज्या रकान्याने आम्हाला वाचवलं तोही असा सेवानिवृत्त झाला. पाचव्या दिवशी तिने अंगावरची दुपटी, माझा कुर्ता आणि नवऱ्याची बाही एकदमच रंगवली. ती नोंद वहीत नाही. लिहायला हात मोकळे नव्हते.

परवा रात्री साडेअकराला एका मैत्रिणीचा फोन आला. चार दिवसांची बाळंतीण. आवाज कुजबुजता, मागे कोणीतरी झोपलेलं. दर दोन तासांनी पाजते, वीस-वीस मिनिटं, सगळं लिहून ठेवलंय, बाळ शांत आहे, खूप झोपतं, सगळे म्हणतात गुणी आहे. "बरोबर चाललंय ना गं?"

मी विचारलं, "आज शू किती?"

ती थांबली. "ते... ते नाही लिहिलं. थांब हं."

पावलांचा आवाज, दार, दिव्याचं बटण. मग बराच वेळ नुसता पिशवी चाळवल्याचा खसखसाट. ती कचऱ्याच्या डब्यातले डायपर मोजत होती. मी फोन कानाला लावून पलंगाच्या कडेला बसून राहिले.